डाव्या हाताची वाईन

सरोज, तू गेल्यावर तुझ्या घरी रडायला आलेल्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटला, हे आधीच सांगून टाकते. दुःख झालंच, ते वेगळं सांगायला नको. भोपाळला तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून आपण दोघींनी संसार केले. शिट्टी तुझ्या कुकरची की माझ्या, हे आपल्या नवऱ्यांना कधी कळलं नाही, आपल्याला झोपेतही कळायचं. पण या वेळी दुःखाच्या पाठोपाठ हेवाही चपला काढून आत आला आणि अजून उठायचं नाव घेत नाही. एवढी माणसं कुठून जमवलीस गं? मी आपली तुझ्या कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आणि ही सगळी अनोळखी मंडळी एकमेकांना सांगतायत, "हमारी सरोज", "आमची सरोज". आमची म्हणे! मी कितीदा तरी घसा खाकरला. कुणी लक्ष दिलं नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "विजू, रागानं तुझं नाक लाल होऊन राहिलंय." आणि मी म्हटलं असतं, "होऊन राहिलंय नाही, झालंय." तू ग्वाल्हेरची, मी पुण्याची. तुझं मराठी दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि तुझं मराठी होतं तसंच राहिलं. आता दुरुस्त करायला कुणी उरलं नाही. माझी सून बोलते ते मराठी दुरुस्तीच्या पलीकडचं आहे.

मी डावखुरी. तुझ्याशिवाय कुणी हा गुण म्हणून कधी मोजला नाही. लहानपणी आईनं, आत्यानं, शाळेतल्या बाईंनी, ज्याला जे हाताशी सापडलं ते माझ्या डाव्या हातावर हाणलं. लिहिणं आणि जेवणं तेवढं उजव्याकडे गेलं, बाकी सगळं डावाच करायचा. लग्न होऊन भोपाळला आले ती पहिल्याच संक्रांतीला कॉलनीतल्या हळदीकुंकवात माझा हात चुकला. घाईत डाव्या हातानं कुंकू लावायला गेले आणि समोरच्या बाईंनी मी निखारा धरल्यासारखं कपाळ मागे घेतलं. तेव्हा तू पुढे झालीस. आपली धड ओळखही नव्हती. म्हणालीस, "अहो, आमच्याकडे ग्वाल्हेरला डाव्या हातानेच लावतात. उलट शुभ असतं ते." आणि कपाळ पुढे केलंस. मी लावलं. मग दुसरीनं पुढे केलं, तिसरीनं केलं. घरी जाताना मी विचारलं, "खरंच ग्वाल्हेरला असं असतं?"

"कुठलं काय! पण यातली एक तरी ग्वाल्हेरला जाऊन बघणारे का?"

त्या दिवसापासून तू माझी. 'आमची' म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवायला हवं होतं.

वाईन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. नोकऱ्या संपल्या, क्वार्टर्स सुटली, आम्ही जवाहर चौकापाशी फ्लॅट घेतला, तू कोलार रोडला गेलीस, तुझे मधुकरराव गेले. तुझी मुग्धा शिकायला म्हणून फ्रान्सला गेली ती तिथलीच झाली, आणि पहिल्या दिवाळीला येताना कपड्यांत गुंडाळून लाल वाईनची बाटली घेऊन आली. बोर्दोची. आपल्याला दारू माहीत होती ती श्रीकांतची व्हिस्की: माझा नवरा, त्याचे मित्र, आणि आपण तळून दिलेला चकणा. मुग्धा म्हणाली, "मावशी, तिकडे असं नसतं. तिकडे ही जेवणाबरोबर घेतात, जेवणासाठी घेतात."

घरात वाईनचे ग्लास नव्हते. श्रीकांतचे व्हिस्कीचे ग्लास मी घेऊन येते म्हटलं तर तुला नको होते. "त्यांना वेगळ्या सवयी लागल्यात," म्हणालीस. मग कस्टर्डच्या काचेच्या वाट्या काढल्या. मी पानं वाढली: भरली वांगी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर. वाटी कुठे ठेवायची? मुग्धा म्हणाली, तिकडे ग्लास उजवीकडे असतो. ठेवल्या उजवीकडे. तू वांग्याचा घास घेतलास, दाण्याच्या कुटाच्या तेलानं माखलेल्या बोटांनी वाटी उचललीस, आणि वाटी सुळकन निसटून अर्धी बोर्दो तुझ्या चंदेरी साडीवर. मी काय केलं होतं? मी आपली सवयीनं माझी वाटी उचलून डावीकडे घेतली होती. उजवा हात खरकटा, डावा स्वच्छ. आणि माझा डावा हात वाटी अशी उचलतो की थेंब हलत नाही. तू साडी झटकायची सोडून माझ्या हाताकडे बघत बसलीस.

"विजू," म्हणालीस, "अख्ख्या जन्मात तुझ्या या हाताला आज नोकरी लागली!"

मग तू तुझी वाटी डावीकडे घेतलीस आणि तुझं डोकं चालायला लागलं. ताटाच्या डावीकडे काय असतं? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. पोट भरायला नाही, तोंडाला चव आणायला. "ही पण डावीकडचीच आहे," तू जाहीर केलंस. "ही दारू नाहीये मुळी. दारूला चकणा लागतो. ही तर स्वतःच जेवणाचं तोंडीलावणं आहे!" मुग्धानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. विचार तुझा होता, कबूल. पण हात माझा होता. आपलं पुढचं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

त्यानंतरची वर्षं म्हणजे माझ्या म्हातारपणाची मजा. मुग्धा येताना बाटल्या आणायची, कधी तिच्या ओळखीचं कुणी भारतात आलं की त्याच्या गळ्यात मारायची, आणि आपण त्या कैरीच्या लोणच्यासारख्या पुरवून पुरवून संपवायचो. दुपारचं जेवण, तुझं घर, तू आणि मी. मुग्धानं बजावलं होतं, लाल वाईन फ्रिजमध्ये कोंबायची नाही, रूम टेंपरेचरला प्यायची. आता भोपाळचा मे महिना! रूमचं टेंपरेचर आणि चहाचं टेंपरेचर यात फरक नाही. पहिला घोट घेऊन तू म्हणालीस, "हा तर काढा होऊन राहिलाय." मग बाटलीला ओला पंचा गुंडाळून ती कूलरसमोर मांडली, बाळंतिणीसारखी जपून. वाळ्याच्या वासात ती बोर्दो आपण प्यायलो. तशी ती फ्रान्समध्येही कुणी प्यायली नसेल.

मुग्धा वाईनच्या चवीबद्दल चेरी, ओक, तंबाखू, चामडं असलं काय काय सांगायची. तू म्हणायचीस, चेरी आपण केकवरची तेवढी ओळखतो, आणि चामडं मी काही चाटलेलं नाही. म्हणून आपण आपले शब्द काढले. बोर्दो जीभ धरते, जांभूळ धरतं तशी. बोजोले पोरकट आहे, थालीपीठ-लोण्याबरोबर हसतखेळत संपते. रोन नदीकाठची मिरीसारखी झणझणते, तिला काळ्या मसाल्याची उसळ पाहिजे. आणि बर्गंडी आली की तू डोळे मिटायचीस. "आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की गोडी येते ना विजू, ती ही."

मला ती गोडी कधी सापडली नाही. मला तुरट लागायची, बरी लागायची, बस्स. हे तुला मी तोंडावर सांगितलंय, आणि तू म्हणायचीस, "लागेल, लागेल, जीभ जरा गप्प ठेव." तू डोळे मिटून त्या गोडीपर्यंत पोचायचीस आणि मी उघड्या डोळ्यांनी तुझ्याकडे बघत जळायचे. पण ते जळणं सोसण्यासारखं होतं. समोर तू होतीस आणि टेबलाशी तिसरं कुणी नव्हतं.

आमटीवर मात्र कधी जमलं नाही. माझी चिंच-गुळाची आमटी तुला जीव की प्राण, पण बाटली उघडली की तुला तिचं तोंड बघवत नसे. "या आमटीपुढे बर्गंडी रडते." मी म्हणायचे, रडू दे. तू म्हणायचीस, चिंच काढ, आमसूल घालून बघ, गूळ हात आखडून घाल. मी म्हणायचे, माझ्या आईची आमटी काय फ्रान्सच्या सोयीनं करायची? "फ्रान्सच्या कशाला, माझ्या सोयीनं कर." नाही केली. हा वाद आपण वर्षानुवर्षं पुरवला, बाटल्यांपेक्षा जास्त.

आणि ते दुकान! मुग्धाच्या बाटल्या संपल्या होत्या आणि तुला गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी हुक्की आली. माझ्या घराजवळच्या विलायती दारूच्या दुकानाला ती लोखंडी जाळी, जाळीसमोर ही गर्दी, आणि त्यात आपण दोघी, साठी उलटलेल्या, हातात भाजीच्या पिशव्या. मी डोक्यावरून पदर घेतला. आयुष्यात सासूसमोर घेतला नव्हता एवढा. दुकानदारानं तुला विचारलं, "आंटी, किसके लिए चाहिए?"

"कालभैरव को चढ़ाना है. उज्जैन जा रहे हैं."

"तो माताजी, बाबा को तो देसी भी चलती है. फ्रेंच क्यों?"

"बाबा का मन हुआ," तू म्हणालीस.

त्या माणसानं हात जोडले, आतून धूळ बसलेली एक बाटली शोधून आणली, पुसली, आणि गर्दीला म्हणाला, "हटो भाई, माताजी को रास्ता दो." घरी येऊन आपण हसून हसून खाली बसलो. वाईन अगदी पाणचट निघाली, पण त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं. ही गोष्ट तुझ्या घरी मी कुणालाच सांगितली नाही. कुणी सांगताना ऐकलीही नाही, म्हणून जरा बरं वाटलं.

आता अनुराधा. नाव घेताना अजूनही माझा तिळपापड होतो, आणि तू हे वाचत असतीस तर खुदकन हसली असतीस. ती तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहायला आली. रिटायर्ड डॉक्टर, इंदूरची, केस कापलेले, गाडी स्वतः चालवणारी. तिचा एक ग्रुप होता, महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या हॉटेलात जाऊन वाईनबरोबर जेवणारा. तिनं तुला ओढलं. आणि तू मला एकदा ओढलंस.

तलावाच्या काठचं ते हॉटेल, पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे काटे-चमचे, आणि वाईनचा ग्लास उजवीकडे. मी माझा डावीकडे घेतला. वेटर आला, म्हणाला, "मैडम, ग्लास राइट साइड में रहता है," आणि परत उजवीकडे ठेवून गेला. मी परत डावीकडे घेतला. तो परत आला. मला घाम फुटला, संक्रांतीच्या त्या हळदीकुंकवासारखा. तेव्हा तू शांतपणे तुझा ग्लास उचलून डावीकडे ठेवलास आणि रिझाल्याच्या रश्शात हातानं रोटी बुडवलीस. मला वाटलं, झालं, हिनं मला परत सोडवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि तेवढ्यात अनुराधानं विचारलं, "सरोज, हे काय नवीन?"

तू सांगितलंस. काय सुरेख सांगितलंस! ताटाची डावी बाजू, मीठ-लिंबू-चटणी, पोट भरायला नाही तर चव आणायला, दारूला चकणा पण वाईन स्वतः तोंडीलावणं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून ऐकायला लागली. अनुराधा म्हणाली, "वा सरोज, क्या बात है! हे तुझं डोकं!" आणि तू म्हणालीस, "हो, असंच सुचलं एकदा."

असंच सुचलं एकदा. मी तिथेच बसले होते, सरोज. तुझ्या डावीकडे. पनीर चघळत. मी वाट बघितली की आता म्हणेल, ही माझी विजू, हिच्या हातानं शिकवलं मला. तू म्हणाली नाहीस. हात मी वापरायचा आणि त्यावर भाषण तू करायचं, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी कसा असतो?

परतताना रिक्षात मी म्हटलं, "ते माझं होतं."

"काय तुझं होतं?"

"डावी बाजू."

तू इतकी हसलीस की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. "अगं, डावी बाजू काय कुणाच्या बापाची असते?"

"माझं नाव का नाही घेतलंस?"

तेव्हा तू हसायची थांबलीस. खिडकीतून, म्हणजे रिक्षाला असते त्या उघड्या बाजूनं, तलावाकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "तुला नाही कळायचं विजू. जाऊ दे." पुढे मी कितीदा तरी तेच विचारलं. भांडून विचारलं, गोडीत विचारलं, तुझ्या वाढदिवसाला शिऱ्याचा डबा हातात ठेवून विचारलं. दर वेळी तेच, तुला नाही कळायचं. अगं, मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मला न कळण्यासारखं तुझ्यापाशी असं काय होतं?

मी त्या ग्रुपात परत गेले नाही. तुझ्याकडे यायचे, चहा व्हायचा, आमटी व्हायची, पण तू बाटली काढलीस की मी म्हणायचे आज ॲसिडिटी आहे. तू बाटली परत ठेवायचीस. एकटीनं कधी प्यायली नाहीस माझ्यासमोर. मग मोबाईलवर तुझे स्टेटस यायचे: हॉटेलं, ताटं, बिर्याणी, लाल ग्लास. मी चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायचे, ग्लास कुठल्या बाजूला आहे. डावीकडे. प्रत्येक ताटाच्या डावीकडे. श्रीकांत म्हणायचा, "अगं, तपास चाललाय की काय?" चाललाच होता. माझी वस्तू गावभर फिरत होती आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तू अनुराधाला हाक मारलीस. बरोबरच केलंस. ती डॉक्टर, ती एक मजला वर, मी जवाहर चौकात. शेवटची तुझी नाडी तिनं धरली. हे सगळं मला पटतं, आणि तरी एका बाईनं दुसऱ्या बाईची मरणारी नाडी धरली याचाही मला मत्सर वाटला. एवढी मी वाईट आहे. तुला माहीत होतंच.

तेरावं झालं. मुग्धानं सगळं रीतसर केलं. मग मला म्हणाली, "मावशी, आईच्या बर्गंडीच्या दोन बाटल्या उरल्यात. रविवारी दुपारी तिच्या ग्रुपला जेवायला बोलावलंय. रडणं नको, नुसतं जेवण. तू आमटी करशील?" नाही म्हणायला तोंडात शब्दही आला होता. पण तुझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी दुसऱ्या कुणी आमटी केली असती तर? मी चिंच भिजत घातली.

दारातच अनुराधा भेटली. हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही सरोजच्या जुन्या शेजारी ना?" शेजारी! एकदा एका टेबलाशी जेवलो होतो, तेही तिच्या लक्षात नव्हतं. मी म्हटलं, "हो, भिंतीला भिंत होती." ती म्हणाली, सरोज तुमच्या आमटीची फार तारीफ करायची. आमटीची. माझी नाही. मी आत जाऊन फोडणी जरा जास्तच तापवली.

जेवायला बसलो. तुझ्या शिस्तीप्रमाणे सगळ्यांनी हातानं, आणि ग्लास डावीकडे. आता तुझ्या कपाटात चांगले ग्लास होते, कस्टर्डच्या वाट्या कुठे दिसल्या नाहीत. अनुराधानं आमटीभाताचा घास घेतला, वर घोट घेतला आणि हळूच म्हणाली, "आमटी सुंदर आहे हो. फक्त बर्गंडीसोबत थोडी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही, मीच मनात केलं: बाई, हे मला म्हणायचा हक्क एकीलाच होता. मग मीही घास घेतला, घोट घेतला. रडते गं. खरंच रडते बर्गंडी. तुझं बरोबर होतं. पुढच्या वेळी आमसूल घालून बघू, असं आपोआप मनात आलं. मग पुढची वेळ नाही हे लक्षात आलं आणि माझा बांध फुटला. तू गेल्यापासून तोवर मी रडले नव्हते. टेबलाशी सगळ्यांना वाटलं, ठसका लागला. मुग्धानं पाठीवरून हात फिरवला.

शेवटी गुलाबजाम आले, सगळ्यांनी हात धुतले, पुसले. मुग्धानं उरलेली बाटली सगळ्यांत थोडी थोडी वाटली. अनुराधा उभी राहिली. "सरोजसाठी," म्हणाली. आणि सगळ्यांनी ग्लास उचलले.

डाव्या हातानं.

धुतलेले, कोरडे उजवे हात मांडीवर मोकळे पडलेले, आणि ती सगळी उजवी माणसं डाव्या हातानं ग्लास उचलून, थरथरवत, जिवावर उदार होऊन तोंडापर्यंत नेतायत. बँकेतून रिटायर झालेल्या सक्सेनाजींनी पांढऱ्या शर्टावर वाईन सांडली. "देखो सरोजजी," ते वर बघून म्हणाले, "लेफ्ट हैंड अब तक नहीं सधा!" सगळे हसले, त्यातले दोघे रडले.

मी अनुराधाला विचारलं, आता तर हात खरकटा नाही, मग डाव्यानं का?

"सरोजचा नियमच होता," ती म्हणाली. "काटे-चमचे असोत, हात स्वच्छ असो, वाईन डाव्या हातानेच उचलायची. नाहीतर ती चिडायची. तोंडीलावणं वगैरे सगळं समजवायची, पण डावाच हात कशाला, हे कधी नाही सांगितलं. विचारून विचारून थकलो आम्ही. म्हणायची, तेवढं माझ्याजवळ राहू द्या."

मी माझा ग्लास उचलला. डाव्या हातानं, आणखी कशानं उचलणार? थेंब हलला नाही. अनुराधा बघत राहिली. तिची नजर माझ्या हातावर होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण गेली काही वर्षं मी ते आरशात पाहत आले आहे.

"किती सहज धरता हो तुम्ही!" ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणाला असं जमलं नाही. तुम्हालाही सरोजनेच शिकवलं?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो आयता पानात पडला होता. एक वाक्य पुरे होतं. ते जिभेवर आलंही.

"हो," मी म्हटलं. "तिनंच."

सरोज, मी मोठ्या मनाची झाले असं समजू नकोस. खरं सांगितलं असतं तर पुढच्या महिन्यापासून त्यांच्या जेवणात माझ्या हाताची गोष्ट निघाली असती, अनुराधानं ती रंगवून सांगितली असती, सक्सेनाजी हसले असते, आणि ती 'आमची' झाली असती. तू ती त्यांना दिली नाहीस. मीही नाही दिली.